सुटलेला ‘ना’

कमल, आधी भांडायचं ते भांडून घेते, रडायचं मग बघू.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. जलदान विधीला मी मागच्या रांगेत बसले होते. भन्तेजी त्रिशरण देत होते आणि माझं लक्ष तुझ्या फोटोकडे. फोटोत तू जे हसते आहेस, ते हसू मी चांगलं ओळखते. ऑफिसात कुणाची चूक तुझ्या नजरेस पडली आणि ती बोलून दाखवायची नाही असं तू ठरवलंस की तू असंच ओठ मिटून हसायचीस. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाई माझ्यासाठी काहीतरी मागे ठेवून गेली आहे आणि ते सरळ नसणार.

संशय घेणं हा माझा स्वभावच, ते मी कधी नाकारलं नाही. गॅसचं सिलिंडर आलं की मी आधी सील बघते, मग आणणाऱ्याचं तोंड. ‘वत्सले, तू प्रसादसुद्धा वास घेऊन खातेस,’ असं तू चारचौघांत म्हणायचीस आणि सगळा स्टाफ हसायचा. मीही हसायचे. पण तुझ्याबद्दल जो संशय मी बाळगला, तो या हसण्यातला नव्हता. तीस वर्षं तो मनात ठेवून मी तुझ्या डब्यातली भाजी खाल्ली. तुला त्यातलं काही कळलं नाही, अशी माझी समजूत होती.

मग तीन वर्षांपूर्वी तू तो डबा घरात आणलास.

मी नाशकात उपनगरला तुझ्या घरी आले तर पुढच्या खोलीत जुना, पाठीला फुगा असलेला टीव्ही मांडलेला. त्याच्यापुढे एक पिवळट पडलेला जाडजूड कीबोर्ड. बाजूला जेवणाच्या डब्याएवढं फ्लॉपीचं यंत्र. आणि पाटावर मांडी घालून बसलेले बोरसे सर, हातात स्क्रू ड्रायव्हर. हे मूळचे नामपूरचे, शाळेत कॉम्प्युटर शिकवून रिटायर झालेले, एवढं तू सांगितलंस. शाळेनं भंगारात काढलेली दोन मशीनं त्यांनी घरी नेऊन जतन केली होती, त्यातलं एक तुला दिलं.

‘हे काय गं?’ मी विचारलं.

‘कॉम्प्युटर.’

‘हा?’

‘हाच. कीबोर्डच्या पोटातच सगळं आहे. टीव्हीला जोडला की झालं.’

‘आणि प्रज्ञानं तुला दिलेला लॅपटॉप?’ तुझ्या भाचीची आठवण मी करून दिली.

‘त्याची बटणं पापडासारखी आहेत. दाबल्यासारखं वाटतच नाही. ह्याची बघ, कशी खोल जातात. आपल्या मशीनसारखी.’

आपली मशीनं म्हणजे टाईपरायटर. तू आणि मी शालिमारच्या एकाच इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टायपिंग शिकलो, एकाच बॅचला. सर बोटांवर फडकं टाकायचे आणि म्हणायचे, ‘नजर कागदावर. बोटं बघायची नाहीत, ती चोरी आहे.’ नोकरीही एकाच ऑफिसात लागली, शेजारशेजारच्या टेबलांवर. त्या बटणांची आठवण मलाही येते. पण आठवण येते म्हणून कुणी चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र घरात आणत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ताडलं.

त्या दिवशी बोरसे सर त्यात एडिटर बसवत होते. एडिटर म्हणजे लिहायचा प्रोग्रॅम, तो मला वाटलं फ्लॉपीतून येईल. तर तो एका काळ्या चिपमध्ये. झाकण उघडून ती चिप रिकाम्या सॉकेटात दाबून बसवायची होती. ‘ताई, एडिटर ह्याच्यात शे,’ बोरसे सर म्हणाले. एरवी ते शुद्ध बोलतात, पण कामात गुंग झाले की घरची अहिराणी निघते. त्यांनी दाबली आणि चिपचा एक पाय वाकला. तू आत जाऊन भुवया कोरायचा चिमटा घेऊन आलीस आणि श्वास रोखून तो पाय सरळ केलास. माझ्या मनात आलं, हिच्याकडे हा चिमटा कुठून? जन्मात कधी भुवया कोरल्या नाहीस. तो प्रज्ञाचा होता, हे मला पुढे कळलं. तोवर दोन आठवडे मी बोरसे सरांकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते. दर रविवारी येतात, चहा घेतात, साखर किती ते विचारावं लागत नाही. आता सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

एडिटर बसला, पण त्याला मराठी येत नव्हतं. मग तू आलेखाचा कागद घेऊन बसलीस. आठ आडवी घरं, आठ उभी. त्यात एकेक अक्षर पेन्सिलीनं भरायचं, कुठलं घर काळं, कुठलं पांढरं. क, ख, ग जमले. ज्ञ काही आठ घरांत मावेना. स्वतःच्या भाचीचं नाव लिहायला तुला दुप्पट जागा लागली आणि त्यावरून तू तिला महिनाभर चिडवलंस. अक्षरं झाली की बटणांची रचना. ती तुला हुबेहूब टाईपरायटरसारखी हवी होती. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर, काना वेगळा. ओळ संपत आली की टुंग वाजलं पाहिजे. बोरसे सरांनी तेही केलं.

आणि मग तू त्यांना खोडायचं बटण बंद करायला सांगितलंस.

मी समोरच बसले होते. सर म्हणाले, ‘ताई, मग चूक झाली तर?’ तू म्हणालीस, ‘तर ती दिसली पाहिजे.’ मी म्हटलं, ‘फोनवर बोललं तरी लिहून येतं आजकाल, आणि तू खोडायचं बटण काढतेस?’ त्यावर तू म्हणालीस, ‘फोनवर मी ‘नम’ लिहिलं की तो ‘नमस्कार’ करून टाकतो. मग चुकलं तर मी चुकले की तो चुकला?’ आणि ओठ मिटून हसलीस.

त्यानंतर मी आले की तू टीव्ही बंद करायचीस. हळूच, उठताना सहज हात लागल्यासारखा. पडद्यावर काहीतरी ओळींच्या ओळी असायच्या आणि मी चष्मा लावेपर्यंत काळं. ‘काय लिहितेस?’ ‘काही नाही गं, हात चालू ठेवते.’ मला खात्री पटली की तू माझ्याबद्दल लिहिते आहेस. दुसरं काय असणार? माणूस साठीनंतर लिहायला बसतो तेव्हा त्याला कुणाचं तरी उणं काढायचं असतं. मी आत्मचरित्रं वाचलेली नाहीत असं नाही.

आता तीस वर्षांपूर्वीचं बोलायलाच हवं. आपण दोघी ते कधी मोकळेपणानं बोललो नाही.

स्टेन्सिलचा जमाना होता. मेणाच्या कागदावर टाईप करायचं, चुकलं तर नेलपॉलिशसारखं लाल फ्लुइड लावायचं, वाळलं की त्यावर पुन्हा ठोकायचं. मग शिपाई त्या स्टेन्सिलच्या शंभर प्रती फिरवून काढायचा. त्या दिवशी विनंती बदल्यांचा आदेश होता. ‘उपरोक्त कर्मचाऱ्यांचे विनंती बदलीचे अर्ज नामंजूर करण्यात येत आहेत.’ स्टेन्सिल माझ्या मशीनवर होतं. दुपारी शेजारणीचा फोन आला, माझ्या मेघनाला फणफणून ताप. चार वर्षांची होती. रजा मागायला साहेब जागेवर नव्हते. तू म्हणालीस, ‘तू जा, मी पुरं करते.’ मी गेले. तू माझ्या खुर्चीत बसून उरलेलं टाईप केलंस आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जिथं टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात, तिथं माझी टाकलीस, म्हणजे मी पळाले हे कुणाला कळू नये.

आदेश गेला तो ‘मंजूर करण्यात येत आहेत’ असा. ‘ना’ सुटला. मसुदा वाचून बघायचं काम ज्याचं होतं त्यानं न वाचता सही घेतली. चौथ्या दिवशी जिल्हाभरातून माणसं वळकट्या घेऊन नाशकात हजर. घोटीचा एक कारकून तर घर सोडून, बायकोमुलांसकट आला होता, पेढे घेऊन. त्याचं तोंड मला अजून आठवतं.

साहेबांनी विचारलं, ‘हे कुणी टाईप केलं?’ कोपऱ्यात माझी अक्षरं. मी तुझ्याकडे बघितलं. तू तुझ्या मशीनमध्ये कागद घालत होतीस. घालतच राहिलीस. दोघींनी केलं म्हणावं तर मी न सांगता गेले हे उघडं पडणार, माझ्या जागेवर तू बसलीस हेही. मी म्हटलं, ‘साहेब, मी.’ आणि मला आडबाजूच्या सुरगाण्याला टाकलं, तीन वर्षं. शनिवारी दुपारची एसटी पकडून घरी यायचं, रविवारी संध्याकाळी मेघना झोपली असताना निघायचं, कारण जागी असली तर पदर सोडायची नाही.

मी स्वतःला एकच सांगत आले. मी दुसऱ्या परिच्छेदाशी उठले, तो शब्द तिसऱ्यात होता. म्हणजे चूक तुझी, शिक्षा माझी आणि तू गप्प.

त्या तीन वर्षांत तू काय काय केलंस ते मला पाठ आहे. दर बुधवारी ऑफिस सुटलं की माझ्या घरी. मेघनाची वेणी, मेघनाचा पाढा, मेघनाचे डांग्या खोकल्याचे दिवस. माझ्या सासूबाई पहिले सहा महिने तुला चहा वेगळ्या कपात द्यायच्या. तुला ते दिसत होतं आणि तरी तू येत राहिलीस. सातव्या महिन्यात मेघनानंच तो कप फोडला आणि मग सासूबाईंनी दुसरा वेगळा काढला नाही. हे सगळं मला कळत होतं, कमल. आणि मी काय केलं? तुझा प्रत्येक चांगुलपणा पुरावा म्हणून फाईलला लावला. अपराधी आहे म्हणून करते आहे, असं म्हटलं. तुझं प्रमोशन झालं तेव्हाचा पेढा मी पर्समध्ये टाकला आणि घरी नेऊन भांडीवालीला दिला. तुझ्यासमोर म्हटलं, ‘छान होता गं.’

एकदाच तू विषय काढलास. दोन वर्षांपूर्वी, बँकेत, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. आपण जिवंत आहोत हे सांगायला दोन तास उभ्या होतो. तू एकदम म्हणालीस, ‘तुला तो आदेश आठवतो?’

‘कुठला?’

‘तोच.’

‘विसरले मी,’ मी म्हटलं. एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

तू रांगेत एक पाऊल पुढे सरकलीस. मग म्हणालीस, ‘तुझ्या हातून चूक झाली की लोक म्हणायचे, चूक झाली. माझ्या हातून झाली असती तर म्हणाले असते, ह्यांना घेतलंच कशाला. माझी नोकरी पक्कीसुद्धा झाली नव्हती तेव्हा.’

म्हणून गप्प बसलीस होय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आपला नंबर पुकारला. बाहेर आल्यावर तू उसाचा रस पाजलास आणि मी तो कबुलीजबाब समजून प्यायले. तू जे म्हणालीस ते शंभर टक्के खरं होतं, मी ऑफिसात ते ऐकलंही होतं, तुझ्या पाठीमागे, आणि तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवशी मला त्यातला फक्त माझ्या उपयोगाचा भाग ऐकू आला.

परवा प्रज्ञाचा फोन आला. ‘मावशी, आत्याच्या कपाटात एक फ्लॉपी सापडली. वर तुमचं नाव आहे. आणि एक वही आहे. वहीवर लिहिलंय, वत्सलेनं स्वतः चालू करावं. बोरसे सरांनी करू नये.’

मी म्हटलं, आलं. आलं शेवटी.

काल सकाळी गेले. प्रज्ञानं शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. तुझी वही म्हणजे ऑफिसची टिपणीच. एकेक पायरी, नंबर घालून. एक, टीव्ही आधी लावावा, मशीन नंतर. दोन, बीप वाजेल, घाबरू नये. तीन, फ्लॉपी लेबल वर करून घालावी. चार, अक्षरं आधी भरावीत, ती भरल्याशिवाय फाईल उघडू नये. मी अर्थातच चौथी पायरी सोडली. आधी अक्षरं भरायची म्हणजे मधे काहीतरी लपवायला वाव, असं माझ्या डोक्यात आलं. यादीत सगळ्यात वर होती ती फाईल सरळ उघडली. पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. मी प्रज्ञाला म्हटलं, ‘बघितलंस? सांकेतिक भाषेत लिहिलंय तुझ्या आत्यानं.’

प्रज्ञानं वहीचं पान उलटलं आणि वाचलं. ‘पाच. वत्सलेनं चौथी पायरी गाळली असेल. मशीन बंद करून पहिल्यापासून सुरू करावं.’

पोरगी हसता हसता रडायला लागली. मी मशीन बंद केलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

अक्षरं भरली. तुझी पेन्सिलीची अक्षरं एकेक करून मशीनमध्ये गेली. मग बटणांची रचना भरली. मग फ्लॉपीत काय आहे ते बघितलं. दोन फाइली. एकीला माझं नाव, एकीला तुझं. मी माझी उघडली. ती कोरी. वरपासून खालपर्यंत एक अक्षर नाही.

माझा पहिला विचार, कुणीतरी पुसली. बोरसे सर? प्रज्ञा? तिच्याकडे मी वळून बघितलंसुद्धा, कमल. ती बिचारी पदरानं कीबोर्डवरची धूळ टिपत होती.

मग तुझी उघडली.

‘उपरोक्त कर्मचाऱ्यांचे विनंती बदलीचे अर्ज नामंजूर करण्यात येत आहेत.’ पूर्ण आदेश, वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या प्रतिलिपीपर्यंत, तुला शब्द न् शब्द पाठ होता. त्याच्याखाली तोच आदेश पुन्हा. पुन्हा. पुन्हा. प्रत्येकाच्या वर तारीख. पावसाळे, दिवाळ्या, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा आठवडा. बटण दाबून मी खाली जात होते आणि तो एकच आदेश संपत नव्हता. मला काही उमजेना. प्रज्ञाला उमजलं. ती म्हणाली, ‘मावशी, थांबा. इथं बघा.’

‘विनंती बदलीचे अर्ज मंजूर करण्यात येत आहेत.’

आणखी खाली पुन्हा एकदा. आणि मोतीबिंदूच्या आधी एकदा.

सगळ्यात शेवटी तू चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मी इथं उतरवते, म्हणजे मला पुन्हा ते मशीन लावावं लागणार नाही. ‘वत्सला, माझा हात चुकतो. रोज नाही, पण लक्ष दुसरीकडे असलं की चुकतो. म्हणजे तेव्हाही चुकला असेल. असेल म्हणजे चुकलाच, असं मला म्हणता येत नाही. तुझा हात बघितल्याशिवाय कसं कळणार? तुझ्याकडे मागायचा धीर झाला नाही. तुझी फाईल कोरी ठेवली आहे. नजर कागदावर.’

म्हणजे तुलाही ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मी समजत होते की तुला ठाऊक आहे आणि तू गिळून बसली आहेस. आणि तू त्या पाटावर बसून, मोतीबिंदूचा डोळा घेऊन, स्वतःचाच हात तपासत होतीस. संशय घेण्याचा मक्ता माझा, असं मी उगीच समजत होते. तू स्वतःवरच घेत होतीस, आणि माझ्यासारखा फुकटचा नाही, रोजच्या रोज मेहनत करून.

वहीच्या मागच्या पानावर तुझ्या अक्षरात आदेश लिहिलेला होता. प्रज्ञा म्हणाली, ‘मावशी, नको वाटत असेल तर राहू द्या.’ मी म्हटलं, ‘का राहू द्या? होऊन जाऊ दे.’ मला जिंकायचं होतं, हेही लिहिते. तू गेल्यावर बाराव्या दिवसाच्या आत मला तुझ्यावर जिंकायचं होतं.

वही उभी केली. पाठ ताठ. नजर कागदावर. करंगळी आता नीट वळत नाही, पण हात बसला. टुंग वाजलं तशी पुढची ओळ घेतली. एकदा केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा करताना मला मेघना आठवली, तापानं फणफणलेली, शेजारणीच्या कडेवर. सुरगाण्याची एसटी आठवली. चौथ्यांदा मी बोटं विसरूनच गेले होते. पाचवा संपला तेव्हा मागे उभी असलेली प्रज्ञा काही बोलेना. टायपिस्टच्या मागे उभा असलेला माणूस गप्प झाला की काय समजायचं ते मी आयुष्यभर शिकले आहे.

मी वर बघितलं. चौथ्या आदेशात, ‘अर्ज मंजूर करण्यात येत आहेत.’

मी खोडायचं बटण दाबलं. ते तू बंद केलेलं.

मी लगेच बोरसे सरांना फोन लावला. नमस्कारसुद्धा केला नाही. ‘सर, त्या ‘न’चं बटण अडकतं का?’

‘नाही ताई.’

‘काही करून ठेवलंय का कमलनं? माझ्यापुरतं?’

त्यांना माझा रोख कळला. मग हळू म्हणाले, ‘ताई, बटण बराबर शे. कमलताईंनी तेच माझ्याकडून दहादा तपासून घेतलं. म्हणाल्या, वत्सला विचारेल.’

तरी मी थांबले नाही. मी एकटा ‘ना’ दाबून बघितला. ना. ना. ना. ना. ओळभर आला, टुंग वाजलं, खालच्या ओळीत गेला. एकदाही अडकला नाही. प्रज्ञा म्हणाली, ‘मावशी, मशीन तुम्हालाच नाही म्हणतंय.’ आणि मग मला जे रडू फुटलं ते विधीला फुटायला हवं होतं.

कमल, मी कुठल्या परिच्छेदाशी उठले ते मला आठवत नाही. कधीच आठवत नव्हतं. ‘दुसऱ्या परिच्छेदाशी’ हे मी सुरगाण्याच्या खोलीत बसून ठरवलं, कारण कुणालातरी दोष दिल्याशिवाय मला तिथं राहवत नव्हतं. ‘अर्ज मंजूर करण्यात येत आहे’ हे आपण दोघींनी हजारदा ठोकलं असेल. हाताला तेच वळण. नामंजूर आपण क्वचित टाईप केलं. मन जागेवर नसलं की बोटं आपली ओळखीच्या रस्त्यानं घरी जातात, तुझीही आणि माझीही. एकाच फडक्याखाली शिकलेली बोटं. त्या दिवशी ती कुणाची होती, ते आता कुणालाच कळायचं नाही.

तू साहेबांपुढे गप्प बसलीस याचा राग अजून आहे, तो जाईल असं वाटत नाही. पण तुझ्या पाठीमागे बोलणाऱ्या त्या लोकांपुढे मी कधी तुझी बाजू घेतली नाही, त्याचा राग तू कुठं ठेवलास? तो मला त्या फ्लॉपीत सापडला नाही. मी शोधला.

आणि हे जिवंतपणी का केलं नाहीस, हेही मला कळलं, उशिरा. धीराचं तू लिहिलंस ते मला पटत नाही. तू साहेबाला तोंडावर ‘नियम दाखवा’ म्हणणारी बाई. मी तुझ्यासमोर बसून हा शब्द चुकले असते तर मग मला तुझ्या घरी पुन्हा पाऊल टाकता आलं नसतं, एवढं तू मला ओळखत होतीस. रागावलेली का होईना, मी यायला हवी होते तुला. मला तू हवी होतीस, कमल, आणि हे मी एकदाही म्हटलं नाही.

प्रज्ञानं डोळे पुसले आणि विचारलं, ‘मावशी, बंद करू?’ मी म्हटलं, थांब. ना-ना-नाच्या ओळींखाली जागा होती. मी नजर वहीवरून काढली, सरळ बटणांकडे बघितलं, आणि एका बोटानं, शिकाऊ पोरीसारखं, एकेक अक्षर शोधत लिहिलं:

‘कमल, रागावली नाहीस ना?’

शेवटचा ‘ना’ मी दोनदा वाचला. तो जागेवर आहे.